अंगणातली वाट: वीट घालावी की दगड?

पाणंद

गाव चिपळूण तालुक्यात, घर जुनं कौलारू, भिंती जांभ्याच्या. फाटकापासून ओटीपर्यंत चाळीस फूट लांब, चार फूट रुंद वाट करायची आहे. शिवाय मागच्या दारी विहिरीच्या अलीकडे पंधरा बाय बारा फुटांची बसायची जागा. घर उंचावर आहे, २०२१ च्या जुलैतल्या पुराचं पाणी इथवर आलं नव्हतं, त्यामुळे पुराचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो चार महिन्यांच्या पावसाचा. आजवर लाल मातीवर झावळ्या आणि फळ्या टाकून दिवस काढले. आई आता पंचाहत्तरीला आली, काठी घेऊन चालते. यंदा हे काम करायचंच आहे.

गवंडी म्हणतो पेव्हर ब्लॉक टाका, लगेच मोकळे व्हाल. मला ते नको आहेत. जांभ्याचं घर, समोर तुळशीवृंदावन, आणि मध्ये पेट्रोल पंपावरचे ब्लॉक, हे डोळ्यांना पटत नाही. माझ्या मनात दोनच गोष्टी आहेत: घाटावरची लाल वीट (कराडकडून कुंभार्ली घाटाने गाडी येते) किंवा दगड. दगडातही काळा, जांभा आणि शहाबादी असे तीन पर्याय समोर आहेत.

दिसायला वीट मला मनापासून आवडते. पण आई घसरता कामा नये, ही पहिली अट. ज्यांनी कोकणातल्या पावसात यातलं काही वापरलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मधली आळी

वीटच घ्या. पुण्यात आमच्या मागच्या अंगणात भाजक्या विटा कडेवर उभ्या करून हेरिंगबोन (नागमोडी, माशाच्या काट्यासारख्या) नक्षीत लावल्या आहेत. खाली वाळू, सिमेंट कुठेही नाही. मध्यंतरी नळाची लाइन फुटली तेव्हा तेवढ्या विटा उचलल्या, पाइप बदलला, विटा परत बसवल्या. आता जोड कुठे होता ते शोधूनही सापडत नाही. सिमेंटमध्ये बसवलेल्या दगडी फरशीला हे जमत नाही, ती फोडावीच लागते. वीट एका हाताने उचलता येते, घरच्या माणसालाही बसवता येते. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी मारलं की जमीन थंड होते, मुलं अनवाणी खेळतात.

ओळंबा

बांधकामावर देखरेख करणं हा माझा धंदा, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

वीट की दगड हे नंतर ठरवा. आधी पाणी कुठे जाणार ते ठरवा. तुमची वाट आणि बसायची जागा मिळून ३४० चौरस फूट, म्हणजे साधारण साडेएकतीस चौरस मीटर. तुमच्याकडे दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. तेवढ्या पावसात या फरसबंदीवर एका दिवसात तीन हजार लिटरच्या वर पाणी पडेल. ते घराच्या जोत्याकडे वळलं तर भिंतीत ओल चढेल, मग वर वीट असो की दगड.

म्हणून वाटेला आडवा उतार द्या: चार फुटांत एक इंच. मागच्या जागेला पंधरा फुटांत तीन इंच, विहिरीकडे नव्हे, परसाकडे. घाण पाणी विहिरीत जाता कामा नये. फरसबंदीची वरची पातळी जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली ठेवा.

खोदाई नऊ-दहा इंच. तळाची माती ओली करून धुम्मसाने ठोकून घ्या. त्यावर सहा इंच खडी, दोन थरांत, प्रत्येक थर वेगळा ठोकून. चाळीस फुटांच्या वाटेला ही खडी ८० घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) जरा वर लागेल. ठोकल्यावर ती बसते, म्हणून एक ब्रास मागवा. त्यावर दीड इंच सहा एमएमची कच, म्हणजे दगडाची बारीक खडी. बारीक वाळू घालू नका, तुमच्याकडच्या पावसात ती दरजांमधून वाहून जाते आणि वरचं सगळं डुगडुगायला लागतं. खाडीची वाळू तर अजिबात नको. तिच्यातलं मीठ विटेत चढतं आणि पांढरा लोणा फुटतो.

आता वीट. विटेच्या वाटेचं सगळं नशीब भट्टीत ठरतं. आपल्याकडच्या भट्ट्यांमध्ये एकाच घाण्यात कच्ची, पक्की आणि जळकी, तिन्ही निघतात. भिंतीत कच्ची वीट गिलाव्याखाली झाकली जाते. वाटेवर ती उघडी पडते आणि तिचा वरचा पापुद्रा सुटत जातो. दोन विटा एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. मग सुकी वीट वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. आयएस १०७७ या विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, वरच्या वर्गातल्या विटेने १५ टक्क्यांपेक्षा. ही मर्यादा बांधकामाच्या विटेची आहे. वर्षातले चार महिने पावसात उघडी राहणारी वीट याहून बरीच कमी पाणी पिणारी हवी.

हिशोबासाठी: नऊ बाय चार बाय तीनची वीट आडवी टाकली तर चौरस फुटाला चार, कडेवर उभी केली तर सव्वापाच-साडेपाच. तुमच्या वाटेला आडव्या ६४०, उभ्या साधारण ८५०. वर दहा टक्के तुटफूट धरा. वाटेसाठी उभीच लावा, आडवी वीट मधोमध मोडते.

चिरेखाण

राहणार सिंधुदुर्ग. घर जांभ्याचं आहे म्हणता, मग वाट दुसऱ्या कशाची कशाला? चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, तुमच्या दारातला माल आहे, घाट चढवून-उतरवून आणायचा नाही. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होत जातो. म्हणून ताजा चिरा लगेच लावू नका, एक उन्हाळा रचून ठेवलेला माल मागा. त्याचं अंगच खडबडीत, छिद्राछिद्रांचं, त्यामुळे कोरड्यात पाय घट्ट बसतो. आंबट सांडलं तरी तो खाल्ला जात नाही, पण छिद्रांमुळे तेलकट डाग मात्र मुरतो.

चिरे निवडताना एकच बघा: ज्यात पांढरट-पिवळ्या मातीचे कप्पे दिसतात तो बाजूला काढा. पहिल्याच पावसात ती माती धुपते आणि चिऱ्यात बोट जाईल एवढी भोकं राहतात.

ओळंबा

चिरेखाण, जोत्याला आणि गडग्याला जांभ्यासारखा माल नाही, हे मान्य. पण चालायच्या वाटेवर तो झिजतो. दारातल्या जुन्या पायऱ्यांना मध्ये खोलगट वाट्या पडलेल्या बघा, त्यात पाणी साचतं. शिवाय सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो आणि झाडाच्या सावलीत श्रावणापर्यंत काळाकुट्ट होतो. विटेचंही तेच. शेवाळाला ओल आणि सावली पुरते.

चिरेखाण

वाट्या पडायला दोन पिढ्या लागतात. आणि तोवर चिरा उलटा करून लावता येतो, खालची बाजू नवी कोरी असते. आमच्या मांगराकडच्या वाटेचे चिरे असेच उलटवलेत. पण सावलीतल्या शेवाळाबद्दल वाद घालणार नाही, ते खरं आहे.

पाखाडी

हा धागा वाचून राहवलं नाही. कोकणातल्या माणसाने वाट वीटेची की दगडाची असं विचारावं आणि कुणीच पाखाडीचं नाव काढू नये?

आपल्या वाड्या डोंगरउतारावर. एका वाडीतून दुसरीत, घरातून देवळात, देवळातून नदीवर जायला आपल्या पूर्वजांनी ज्या दगडी पायवाटा रचल्या त्या पाखाड्या. एवढ्या पावसात, चढउतारावर, डोक्यावर भारे घेतलेल्या अनवाणी माणसांसाठी त्या केलेल्या आहेत. तुमच्या आईच्या काठीचा प्रश्न त्यांनी कधीच सोडवून ठेवलाय. एखाद्या जुन्या पाखाडीवर जाऊन नुसतं खाली वाकून बघा.

दगड मोठे असतात आणि त्यांचा लांब भाग जमिनीत उतरलेला असतो. वर दिसतो तो फक्त माथा. म्हणून तो डुलत नाही. दरजा सरळ रेषेत धावत नाहीत, प्रत्येक दरज पुढच्या दगडाच्या पोटावर जाऊन थांबते. त्यामुळे पाण्याला दरजेतून पळत सुटायला वाटच मिळत नाही, माती जागेवर राहते. जिथे चढ आहे तिथे गुळगुळीत उतरण ठेवलेली नसते, रुंद पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरी पुढच्या बाजूला किंचित झुकलेली, पाणी थांबू नये म्हणून. एका अंगाला गटार. सिमेंटचा कण नाही. काही पाखाड्या चिऱ्याच्या आहेत, पण जिथे रोजची वर्दळ जास्त तिथे काळा दगड दिसतो.

गेल्या काही वर्षांत यातल्या कितीतरी वाटांवर काँक्रीट ओतलं गेलं. आमच्या वाडीतल्या पाखाडीचंही तेच झालं. काँक्रीटवर पहिल्या दोन पावसांत काही वाटलं नाही, मग वरचा खरखरीतपणा गेला आणि आता आषाढात तिथून म्हातारी माणसं कडेच्या गवतातून चालतात. खाली दबलेल्या दगडांवर कधी कुणी पडल्याचं मला आठवत नाही. हे लिहितानाही वाईट वाटतं.

तेव्हा माझं सरळ म्हणणं: वाटेला काळा दगड. पण पॉलिश केलेला किंवा मशीनने कापून गुळगुळीत केलेला नव्हे. वरचं अंग टाकीने (पाथरवटाच्या छिन्नीने) ठोकलेलं हवं, बोट फिरवलं की खरखर लागली पाहिजे. काळा दगड पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून ऊन पडलं की लगेच सुकतो, आणि शेवाळ आलं तरी आत मुरत नाही, खराट्याने आणि नारळाच्या काथ्याने घासून निघतं. दगड निवडताना भरीव घ्या. ज्यात बुडबुड्यांची जाळी किंवा पांढऱ्या गाठी दिसतात तो नको, त्या गाठी सुटून खड्डे पडतात. हातोडी मारली की घणघणला पाहिजे, बद्द वाजला तर आत चीर आहे.

काळीमाती

सोलापूर जिल्हा. आमच्याकडचं गणित उलटं आहे म्हणून लिहिते, हा धागा वाचणारे सगळे कोकणातले नसतील.

आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर काँक्रीट टाकून वर फरशी बसवली की दोन वर्षांत तडे ठरलेले. दीड फूट काळी माती काढून मुरूम भरला, चांगला ठोकला आणि त्यावर सुट्या विटा लावल्या तर जमीन थोडी वरखाली झाली तरी वीट तुटत नाही. बसलेली जागा उचलून सारखी करता येते. आणि ऊन! एप्रिलमध्ये दुपारी काळ्या दगडावर किंवा कडप्प्यावर अनवाणी पाऊल टेकवून दाखवा. आमच्या हवेत शेवाळ नावालाही नाही, त्यामुळे विटेवरचा सगळ्यात मोठा आक्षेपच गळून पडतो. देशावर वीट, एवढंच सांगते.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे अंगणाला वीट सर्रास वापरतात, पण तिचा शत्रू वेगळा: बर्फ. विटेत मुरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि विटेचा माथा उडवतं. म्हणून इथे फरसबंदीच्या विटेला वेगळं मानक आहे, एएसटीएम सी ९०२, आणि त्यात कडक थंडीसाठी एसएक्स असा वर्ग. भिंतीची वीट वाटेला कुणी लावत नाही. भारतात तुम्हाला गोठण्याची भीती नाही, पण भिंतीची वीट वेगळी आणि पायाखालची वेगळी, हे तत्त्व तिथेही लागू पडेल असं वाटतं. वायर कट (यंत्रातून काढून तारेने कापलेली) वीट मिळाली तर ती आधी बघा. पाणी कमी पिते.

परसदार

शहाबादीवर कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहिते. शहाबादी, तांदूर, कोटा, कडप्पा, हे चारही चुनखडीचे दगड. तुमच्या मागच्या दारी बसायची जागा म्हणजे मे महिन्यात तिथे कोकमं फुटणार, आमसुलं वाळणार, कधी चिंच पसरणार. आंबट रस चुनखडीला खातो. आमच्या मागच्या अंगणातल्या पॉलिश शहाबादीवर आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) बरणीचा गोल उमटलाय, तो घासून जात नाही कारण तो डाग नाहीच, तिथला दगडच खाल्ला गेलाय. फरशी साफ करायला कुणी ॲसिड सुचवलं तर ऐकू नका, त्याने सगळी फरशी तशी होईल. दुकानात शंका आली तर लिंबाचा थेंब टाका. काळ्या दगडाला काही होत नाही, चुनखडीवर थोड्या वेळात फिकट ठिपका उठतो.

पॉलिश न केलेली रफ शहाबादी पावलाला चांगली धरते, हे मात्र तिच्या बाजूने. पण ती थरांची असते, उघड्यावर तिचे पापुद्रे निघतात. आणि खाली कुठे पोकळ राहिलं तर गॅसची टाकी आपटली तरी फुटते.

पाणंद

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

ओळंबा, तुम्ही सांगितलेली चाचणी केली. व्यापाऱ्याकडून नमुन्याच्या विटा आणल्या. त्यातली सगळ्यात चांगली दिसणारी सुकी ३ किलो ५० ग्रॅम होती, चोवीस तासांनी ३ किलो ६४० ग्रॅम. म्हणजे १९ टक्क्यांच्या वर. मानकात बसते, पण आमच्या पावसाला ही नाही चालणार असं दिसतंय. एका विटेच्या कोपऱ्याचा तर नखाने भुगा पडला.

पाखाडी, तुमचं वाचून देवळाकडच्या जुन्या पाखाडीवर आईला घेऊन गेलो. ती काठी न टेकता दोन पायऱ्या चढली आणि म्हणाली, "असलीच कर." त्यामुळे वाटेला काळा दगड पक्का.

आता अडचणी दोन. एक, टाकीने घडवणारे पाथरवट जवळपास कमी उरलेत आणि घडाईची मजुरी दगडाच्या किमतीपेक्षा जास्त होते आहे. दोन, पाखाडीतल्यासारख्या रुंद दरजांमध्ये आईची काठी अडकेल का? आणि विटेचा मोह सुटत नाही, ती कुठे वापरता येईल का?

पाखाडी

आईंनी निकाल दिला, आता आम्ही काय बोलणार.

घडाई फक्त माथ्याची आणि वरच्या दोन-तीन इंच कडांची करून घ्या. पोट आणि तळ ओबडधोबडच हवा, तो कचेत घट्ट बसतो. चहूबाजूंनी घडवायला सांगितलं की मजुरी वाढते आणि उपयोग काही नाही. शिवाय चारही फूट रुंदी घडीव दगडाची कशाला? मधला अडीच फुटांचा पट्टा घडीव काळा दगड, दोन्ही अंगांना पाऊण फूट जांभ्याचे चिरे. काम कमी होतं, कडा पक्की राहते, आणि तिन्हीसांजेला मळकट उजेडात काळ्याच्या शेजारी लाल कड आईंना स्पष्ट दिसते. चिरेखाण, तुमचा चिराही आला बघा.

चिरेखाण

कडेला चिरा एकदम योग्य. फक्त तो अर्धा जमिनीत गाडा, नुसता टेकवून ठेवलात तर चाकाच्या धक्क्याने बाहेर ढकलला जाईल.

ओळंबा

काठीचं सांगतो. दरज अर्ध्या इंचापेक्षा रुंद नको आणि शेजारच्या दोन दगडांत पातळीचा फरक पाव इंचापेक्षाही कमी ठेवा. म्हातारी माणसं घसरतात त्यापेक्षा जास्त वेळा ठेचकाळतात. गवंड्याला सांगून सहा फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी प्रत्येक ओळीवर फिरवून घ्या. दरजांमध्ये कच ठोकून भरा, वरून पाणी मारा, खाली बसली की पुन्हा भरा. पहिल्या पावसानंतर आणखी एकदा भरावी लागेल, त्यासाठी दोन पोती कच बाजूला राखून ठेवा. काठीच्या टोकाला रबरी बूच असेल तर ते झिजलंय का तेही बघा.

विटेचा मोह पडवीत पुरवा. मागच्या पंधरा बाय बाराच्या जागेवर कौलांची पडवी काढणार असाल तर तिथे पाऊस थेट येत नाही, आणि वीट तिथे खरंच सुंदर दिसते. मात्र ही १९ टक्केवाली नको. त्याच व्यापाऱ्याला जास्त भाजलेली, काळपट लाल वीट वेगळी काढून द्यायला सांगा. थोडी वेडीवाकडी असते म्हणून भिंतीवाले ती नाकारतात, त्यामुळे भावही उतरतो. पागोळ्या पडतात त्या ओळीत मात्र दीड फुटांचा काळ्या दगडाचा पट्टा घ्या. पागोळीची धार विटेला खड्डे पाडते.

परसदार

पडवीत वीट लावलीत तर आमसुलं वाळवायची जागा दुसरीकडे, उन्हात ठेवा. विटेत लाल रस मुरला की निघत नाही.

मधली आळी

पडवीपुरती का होईना वीट आली, आनंद झाला. हेरिंगबोन नक्षी करणार असाल तर आधी कडेची ओळ सिमेंटमध्ये पक्की बसवा आणि मगच आतलं भरायला घ्या. कड सैल राहिली तर नक्षी हळूहळू उघडत जाते.

पाणंद

पडवी काढायचीच होती, तर तेही ठरलं. पत्रा नाही, कौलंच घालणार. शेवटचं विचारतो: काम कधी धरू? आणि काही वर्षांनी काळा दगड पावलांनी गुळगुळीत झाला तर?

पाखाडी

दिवाळीनंतर जमीन वाफसली की खोदाई करून खडी भरून ठेवा आणि महिनाभर त्यावरून ये-जा होऊ द्या, ठोकूनही जे बसत नाही ते पायांनी बसतं. दगड मार्गशीर्ष-पौषात लावा. मे महिन्यात धरू नका, पाथरवट मिळत नाहीत आणि वळवाने गाठलं तर कच वाहून जाते.

गुळगुळीत झाल्यावर पाट्याला लावतो तशीच टाकी लावून घ्यायची. दगड उचलावा लागत नाही, जागेवरच होतं. फाटकाजवळचा भाग आधी झिजेल, कारण तिथे सगळे वळतात. आठ-दहा दगड जास्तीचे घडवून घ्या आणि गोठ्यामागे रचून ठेवा, कारण पुढच्या वेळी त्याच खाणीचा, त्याच रंगाचा दगड मिळेलच असं नाही. दगडांची गाडी येईल तेव्हा स्वतः हजर राहा, प्रत्येकावर हातोडी मारून बघा, आणि बद्द वाजणारे गाडीतून उतरवूच देऊ नका.